देवबाभळीचे कूळ आणि मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यात झाडाचा उल्लेख नाही हे एक बरे झाले. कारण झाडाचे कूळ आणि मूळ दोन्ही विचारल्यावाचून इतिहासाच्या अभ्यासकाला पुढे पाऊल टाकता येत नाही. राजे येतात आणि जातात, त्यांचे शिलालेख राहतात. झाडे मात्र येताना शिलालेख कोरीत नाहीत. ती मुकाट्याने येतात, आपल्या कुंपणात उभी राहतात, दोन-तीन पिढ्यांत आपली होतात, आणि मग आपणच त्यांना पुराणकाळापर्यंत नेऊन पोचवतो. आज ज्या झुडपाविषयी मी आपल्याशी बोलणार आहे, त्याची कथा अशीच आहे. ते झुडूप म्हणजे देवबाभूळ.

वसंताचे नाव निघाले की आपल्या पुसदच्या परिसरात प्रथम डोळ्यांपुढे येतो तो पळस. भोवतालच्या डोंगरांवर तो पेटला की वसंत आला हे सांगावे लागत नाही. पांगारा आहे, सावर आहे, आंब्याचा मोहोर तर आहेच. ह्या थोरामोठ्यांच्या मेळ्यात देवबाभळीकडे कुणाचे लक्ष जात नाही. उंची १० ते १५ फूट, बुंधा एक नव्हे, तर जमिनीपासूनच चार-पाच फांद्या फुटलेल्या, पेरापेराशी काट्यांची जोडी, पाने बारीक आणि पिसासारखी. पण थंडीच्या मध्यापासून शिमग्यापर्यंत, पाने झडू लागलेली असताना, हिच्या फांद्यांवर वाटाण्याएवढे सोनेरी गोंडे येतात, आणि मग सकाळच्या प्रहरी अंगणातून जाणारा माणूस क्षणभर थबकतो. हा वास मोगऱ्यासारखा थंड नव्हे, चाफ्यासारखा दाटही नव्हे. त्यात गोडवा आहे आणि थोडी मसाल्याची उष्णताही आहे. ज्याने तो एकदा घेतला, त्याला तो पुन्हा ओळखू आल्यावाचून राहत नाही.

आता पुढचे विवेचन नीट कळावे म्हणून तीन भावंडांतला फरक आधी सांगून ठेवतो. पहिली आपली नेहमीची बाभूळ. तिच्या शेंगा करड्या, लवदार आणि मण्यांच्या माळेसारख्या दाण्यादाण्याला आवळलेल्या असतात. बैलगाडीच्या चाकापासून नांगरापर्यंत तिचेच लाकूड. दुसरा हिवर. हा मोठा वृक्ष, साल फिकट पांढुरकी, शेंगा चपट्या आणि किंचित वाकड्या. फुले फिक्या पिवळ्या रंगाची, पण ती एकेकटी नव्हेत, तर फांद्यांच्या टोकांवर मोठमोठ्या झुबक्यांनी येतात, आणि तीही पावसाळ्यात व त्यानंतर. तिसरी देवबाभूळ. हिच्या शेंगा बोटाएवढ्या लांब, फुगीर, गोल आणि पिकल्यावर काळपट तपकिरी. गोंडे गर्द सोनेरी, आणि वास सर्वांत अधिक. ही तिन्ही झाडे काटेरी, तिघांची फुले पिवळी, तिघांची पाने बारीक. ज्याने ती शेताच्या बांधावर पाहिली आहेत त्याची गफलत होणार नाही. गफलत झाली ती पोथीतून झाडाकडे येणाऱ्यांची.

ती कशी झाली, हे पाहण्यासाठी ह्या झुडपाची नावे ऐका. मराठीत देवबाभूळ. हिंदीत विलायती कीकर. बंगालीत हिला गुये बाबला म्हणतात, आणि ते नाव ऐकून नाक मुरडण्याचे कारण नाही. फुलांचा वास इतका मोहक असलेल्या ह्या झाडाची मुळी ठेचली तर तिचा वास विष्ठेसारखा येतो, एवढेच त्या नावाने सांगितले आहे. एकाच झाडाला वरून देवाचे नाव आणि खालून हे असे नाव, ही लोकभाषेची सत्यनिष्ठा आहे. लोकांना जे दिसले, हुंगायला मिळाले, ते त्यांनी सांगितले.

पंडितांनी मात्र निराळी वाट धरली. अमरकोशात अरिमेद नावाच्या वृक्षाला विट्खदिर असे दुसरे नाव दिले आहे. विट् म्हणजे विष्ठा, खदिर म्हणजे खैर. मुळीला तसा वास येणारे काटेरी झाड समोर उभे आहे, आणि कोशात विट्खदिर हे नाव आहे. मग काय हवे? दोहोंची गाठ घालून देण्यात आली. वनौषधींच्या कितीतरी छापील ग्रंथांत देवबाभळीपुढे अरिमेद, इरिमेद, विट्खदिर ही संस्कृत नावे आपणास लिहिलेली आढळतील. वाचणाऱ्याची समजूत अशी होते की, ज्या झाडाचा निर्देश चरकाने केला तेच हे आपल्या परसातले झाड.

चरकाने अरिमेदाचा निर्देश केला आहे, हे खरे. अंगावर उठणाऱ्या पित्ताच्या गांध्या शमवणाऱ्या दहा औषधींत त्याने खैर, अर्जुन, असाणा ह्यांच्या पंक्तीला अरिमेद बसवला आहे. शार्ङ्गधर संहितेत इरिमेदादि तेल आहे. दात आणि हिरड्या ह्यांच्या विकारांवर ते आजही वैद्य देतात. म्हणजे इरिमेद हा नुसता कोशातला शब्द नव्हे. तो वैद्याच्या कढईत पडणारा जिन्नस आहे. त्याचे झाड कोणते, हा प्रश्न म्हणूनच पंडितांच्या करमणुकीचा राहत नाही. कढईत कोणत्या झाडाची साल पडते, हा रोग्याच्या हिताचा प्रश्न आहे.

आता देवबाभळीचे कूळ शोधण्यासाठी आपल्याला थोडा लांबचा प्रवास करावा लागेल, आणि पहिला मुक्काम रोम शहरात पडेल. त्या शहरात पॅलेटाइन नावाची टेकडी आहे. एके काळी तेथे रोमन सम्राटांचे वाडे होते. सोळाव्या शतकात, त्या वाड्यांच्या अवशेषांवर, फार्नेसे नावाच्या बड्या घराण्याने बाग उठवली. पुढे ओदोआर्दो फार्नेसे ह्या कार्डिनलच्या काळात तेथे दूरदेशीची दुर्मिळ झाडे लावण्याची हौस शिगेला पोचली. ह्या बागेत, कॅरिबियन समुद्रातल्या सांतो डोमिंगो बेटाहून आलेले एक बी इ. स. १६११ मध्ये रुजले. त्याचे झुडूप झाले, त्याला सुवासिक पिवळे गोंडे आले, आणि १६२५ साली रोममध्ये प्रसिद्ध झालेल्या, त्या बागेतील दुर्मिळ वनस्पतींच्या लॅटिन ग्रंथात त्याचे वर्णन आले. ग्रंथावर नाव तोबिया आल्दिनी ह्याचे आहे. लेखन पिएत्रो कास्तेल्ली ह्या वैद्याचे, असे मानतात. त्या ग्रंथात झाडाला नाव दिले होते अकेशिया इंडिका फार्नेसियाना. पुढे १७५३ मध्ये लिनियसने आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात ते मिमोसा फार्नेसियाना म्हणून नोंदले. आपल्या परसातल्या काटेरी झुडपाला रोमच्या सरदार घराण्याचे आडनाव लागले, ते असे.

ह्या नावातील ‘इंडिका’ ह्या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. तो वाचून कुणालाही वाटेल की, पाहा, सतराव्या शतकातला रोमन ग्रंथकार स्वतः ह्या झाडाला हिंदुस्थानचे म्हणतो आहे. पण तो इंडिया आपला नव्हे. १४९२ मध्ये कोलंबस अटलांटिक ओलांडून पलीकडच्या बेटांवर उतरला आणि आपण हिंदुस्थानला पोचलो अशा समजुतीत राहिला. त्याची चूक पुढे सर्वांच्या ध्यानी आली, परंतु नाव चिकटले ते चिकटलेच. त्या बेटांना वेस्ट इंडीज म्हणू लागले, तेथल्या मूळच्या रहिवाशांना इंडियन म्हणू लागले, आणि तेथून आलेल्या झाडाला इंडिका. एका दर्यावर्दीचा भ्रम असा शंभर-सव्वाशे वर्षांनी एका झाडाच्या माथी आला. नावावरून मूळ ठरवू पाहणाऱ्याला ह्याहून मोठा इशारा कोणता हवा?

मग मूळ ठरवायचे कशावरून? इतिहासकाराला एक साधन नेहमी उपयोगी पडते, ते म्हणजे गावांची आणि डोंगरांची नावे. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला एक टेकडी आहे. अझ्टेक लोक तिला हुइशाच्त्लान म्हणत. हुइशाचे हे तिकडचे देवबाभळीच्या वर्गातल्या काटेरी झुडपाचे नाव, आणि टेकडीच्या नावाचा अर्थ त्या झुडपांची जागा. त्या लोकांचे कालचक्र ५२ वर्षांचे होते. चक्र पुरे झाले की साऱ्या प्रदेशातील चुली आणि मंदिरांतले अग्नी विझवीत, घरातली जुनी भांडी फोडून टाकीत, आणि काळोखात बसून त्या टेकडीकडे डोळे लावीत. तेथे पुजारी घर्षणाने नवा अग्नी पाडीत आणि त्यावरून गावोगावच्या चुली पुन्हा पेटत. हा सोहळा शेवटचा झाला १५०७ साली. १५२१ मध्ये स्पॅनिश लोकांनी ते राज्य बुडवले. ज्या देशातल्या सर्वांत पवित्र टेकडीला ह्या झुडपाचे नाव स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच मिळालेले होते, तो देश त्याचे माहेर असावा ह्यात आश्चर्य ते काय!

आता हीच कसोटी आपल्या यवतमाळ जिल्ह्याला लावून पाहा. बाभूळगाव आहे, आणि तो तालुका आहे. खैरी आणि खैरगाव आहेत. यवतमाळजवळ हिवरी आहे. आणि आपली पूस नदी वाहत वाहत जिथे पैनगंगेला मिळते, तिथे महागाव तालुक्यात हिवरा संगम आहे. बाभूळ, खैर, हिवर ही तिन्ही झाडे अशी गावांच्या नावांत खोल मुळे धरून बसली आहेत. गाव वसवणाऱ्याने समोर जे झाड पाहिले, त्याचे नाव गावाला दिले. देवबाभळीचे नाव मात्र गावांच्या ह्या मालिकेत उमटलेले नाही. आपली गावे वसली, त्यांना नावे पडली, त्या वेळी ती येथे नव्हती, असा ह्याचा सरळ अर्थ आहे. एकटा हा पुरावा निर्णायक नसेल, पण साक्षीदार म्हणून तो विश्वासू आहे. कारण गावाचे नाव ठेवताना कुणालाही काही सिद्ध करायचे नव्हते.

वनस्पतिशास्त्राचीही साक्ष हीच आहे. कोणत्याही झाडाचे माहेर शोधताना शास्त्रज्ञ त्याचे चुलत-मावस भाईबंद कोठे नांदतात ते पाहतात. देवबाभळीचे जवळचे सारे नातेवाईक अमेरिकेच्या उष्ण भागात आहेत. इकडे ती भावकीवाचून एकटी आहे. येथे एक आक्षेप सांगितला पाहिजे. ऑस्ट्रेलियात हे झुडूप युरोपियन वसाहतीच्या आधीपासून होते, असे काही शास्त्रज्ञांचे प्रतिपादन आहे. ते मान्य केले तरी त्याने फार तर प्रवासाचा एक मुक्काम वाढतो, माहेर बदलत नाही. १५६५ पासून स्पॅनिश जहाजे मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरातून फिलिपाइन्समधील मनिलाला येऊ लागली आणि ही ये-जा २५० वर्षे चालली. फिलिपाइन्समध्ये आजही ह्या झुडपाला ‘अरोमा’, म्हणजे सुगंध, ह्या स्पॅनिश शब्दानेच ओळखतात. नाव बोटीतून उतरले, ते झाडाबरोबर.

हा प्रवास एकट्या देवबाभळीने केला असे नाही. आपल्या घरात नजर फिरवा. फोडणीतली मिरची, उपासाचा बटाटा आणि शेंगदाणा, कणसातला मका, परसातला पेरू, हे सारे अमेरिकेतून आले. हे अनेकांना ठाऊक असते. परंतु दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा आहे, गजऱ्यातला निशिगंध मेक्सिकोचा आहे, देवळाच्या आवारातला पांढरा चाफा अमेरिकेचा आहे, हे ऐकले की पुष्कळांना चुकल्यासारखे वाटते. आणि आपल्या भोवतालच्या डोंगरांवर रानोमाळ वाढणारे सीताफळ? तेही तिकडचेच. त्याला सीतेचे नाव मिळाले, त्याच्या भावाला रामाचे. सर अलेक्झांडर कनिंगहॅमसारख्या थोर पुराणवस्तुसंशोधकाला भारहुतच्या प्राचीन स्तूपावरील कोरीवकामात सीताफळ दिसले, आणि १८७९ च्या आपल्या ग्रंथात त्याने तसे नमूद केले. दगडात कोरलेले खवल्यांचे फळ सीताफळच कशावरून, असे इतरांनी विचारले, आणि तो वाद पुष्कळ काळ चालला. पण पाहण्यासारखी गोष्ट ही की, ज्या फळाला सीतेचे नाव मिळाले त्याचे मूळ प्राचीन भारतात शोधण्याची इच्छा परकीय विद्वानालाही आवरली नाही.

ह्यावरून कुणी नियम बांधील की, देवाधर्माचे नाव लागलेले झाड म्हणजे बाहेरून आलेले. तसे मात्र नाही. उंच, सरळ, सुरूसारख्या वाढणाऱ्या बाभळीला आपण रामकाठी म्हणतो आणि ती अस्सल येथली आहे. तेव्हा ‘देव’ ह्या उपपदावरून काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की, जे आपल्याला आवडले त्याला आपण देवाच्या पायाशी नेऊन बसवतो. मला तर ह्यात आपल्या समाजाचा मोठेपणा दिसतो. पाहुण्याला परका न म्हणता देव्हाऱ्याजवळ जागा देणे ही काही लहान गोष्ट नव्हे. लोकांनी देवबाभूळ म्हटले ते आदराने म्हटले. उत्तरेत विलायती म्हटले, ते आठवणीने म्हटले. दोन्ही नावे प्रामाणिक आहेत.

अप्रामाणिक नव्हे, पण अविचारी झाले ते तिसरे नाव. चरकाच्या काळी जे झाड ह्या भूमीत नव्हते, ते चरकाचा अरिमेद असू शकत नाही. मग अरिमेद कोणता? आयुर्वेदाच्या सरकारी औषधसंहितेने ह्याचे उत्तर दिलेले आहे. तेथे इरिमेद म्हणून हिवराची खोडसाल सांगितली आहे. म्हणजे ज्याच्या नावाने संगमावरचे गाव वसले, तोच हा आपला हिवर. तो शेकडो वर्षे आपल्या बांधावर उभा होता आणि पंडित त्याचे नाव पलीकडच्या कुंपणातल्या पाहुणीला देत होते.

ह्यात बिघडले काय, असे कुणी विचारील. माझ्या मते दोन गोष्टी बिघडल्या. पहिली वैद्यकातली. ग्रंथ एका झाडाचा गुण सांगतो आणि साल दुसऱ्या झाडाची सोलली जाते. औषधाचा गुण आला नाही, तर दोष ग्रंथाला लागतो. दुसरी गोष्ट मला अधिक जिव्हाळ्याची वाटते. हिवराला नाव उरले नाही म्हणून त्याची किंमतही उरली नाही. चरकाच्या यादीतला वृक्ष म्हणून ज्याचा मान राखायचा, तो बांधावर आडवा येतो म्हणून तुटतो, सरपणात जातो, आणि तोडणाऱ्याला आपण काय तोडतो आहोत ह्याची कल्पनाही नसते. परक्याला आपले म्हटल्याने आपले नुकसान होत नाही. परक्याला आपल्या घरच्याचे नाव देऊन टाकले म्हणजे होते.

शास्त्रज्ञांच्या जगातही नावे हालतात, आणि त्याची एक हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. अकेशिया हा शब्द ग्रीकांनी मूळ वापरला तो ईजिप्तमधल्या, नाईलकाठच्या काटेरी झाडासाठी, म्हणजे आपल्याच बाभळीसाठी. पुढे त्या नावाखाली जगभरच्या हजारावर जाती जमा झाल्या, आणि त्यांत ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत अधिक निघाल्या. हा मोठा गोतावळा फोडण्याची वेळ आली तेव्हा २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियन झाडांकडे ठेवण्याचे ठरले आणि २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेत ते कायम झाले. ज्या बाभळीमुळे हे नाव जन्मले तिलाच ते सोडावे लागले! आज आपली बाभूळ आणि देवबाभूळ दोघींचे शास्त्रीय घराणे वाचेलिया हे आहे. हे नावही नवे नव्हे. रॉबर्ट वाइट आणि जॉर्ज आर्नॉट ह्यांनी १८३४ मध्ये दक्षिण हिंदुस्थानच्या वनस्पतींवर लिहिलेल्या ग्रंथात, मकाव येथे वनस्पती गोळा करणाऱ्या वाचेल नावाच्या धर्मोपदेशकाच्या गौरवार्थ ते योजले होते, आणि ज्या झाडासाठी योजले ती हीच देवबाभूळ. पावणेदोनशे वर्षांनी ते अडगळीतून बाहेर काढण्यात आले. ह्या बदलावर आफ्रिकेतल्या आणि इतरत्रच्या अनेकांनी नाराजी व्यक्त केली. पण एक गोष्ट मानली पाहिजे. चर्चा झाली, मत घेतले गेले, आणि जुने नाव कोणते, नवे कोणते, ते कधी व का बदलले, ह्याची नोंद राहिली. नाव बदलण्याला हरकत नसावी. नोंदीवाचून बदलण्याला असावी. उत्तरेतले विलायती कीकर हे नाव पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून दुसरे एक काटेरी झाड आणले गेले, ज्याला आपल्याकडे वेडी बाभूळ म्हणतात. ते इतके फोफावले की, आज दिल्लीकडे विलायती कीकर म्हटले की तेच समजतात. देवबाभळीचे ते नावही असे सरकत गेले.

इतिहास येथवर पुरे. आता थोडे बागेकडे वळू. ही पाहुणी दारी ठेवण्यासारखी आहे का? फ्रान्सच्या दक्षिणेतील ग्रास हे गाव सुगंधी द्रव्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथल्या लोकांनी हिची मळ्यांतून लागवड केली. फुले कोमट चरबीत भिजवून तिच्यात वास उतरवायचा, ही त्यांची जुनी रीत. तेथे हिच्या अर्काला कासी म्हणतात आणि उंची अत्तरांत तो मोलाने पडतो. लोक सुकी फुले कपड्यांच्या घड्यांतही ठेवीत. आपल्याकडे हिचा उपयोग बहुधा कुंपण म्हणूनच झाला. ज्या फुलांसाठी तिकडे मळे लावले, ती आपण शेळ्यांसाठी सोडली.

आपल्या हवेला आणि जमिनीला हे झुडूप चांगले मानवते. ऊन भरपूर हवे, पाणी साचता कामा नये, एवढेच त्याचे मागणे. भारी काळ्या जमिनीत लावायचे असेल तर थोडा उंचवटा करून लावावे. बियांचे कवच कठीण असते. उकळून किंचित निवलेले पाणी त्यांवर ओतून रात्रभर ठेवावे आणि सकाळी ज्या फुगल्या असतील त्या लावाव्यात. ह्याचे सोटमूळ लवकर खोल जाते, म्हणून रोप लहान असतानाच, मृगाचा पाऊस चांगला पडून गेल्यावर, कायमच्या जागी हलवावे. कुंपण करायचे तर तीन-तीन फुटांवर, नुसते शोभेसाठी एकच झुडूप ठेवायचे तर भोवती दहा फूट जागा मोकळी सोडून. काटे असल्यामुळे येण्याजाण्याच्या वाटेपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून ते दूर असावे, पण वाऱ्याच्या बाजूला असावे, म्हणजे वास घरात येईल. साधारण तिसऱ्या वर्षापासून फुले येऊ लागतात. शिमगा उलटला, फुले संपली की छाटणी करावी. छाटलेल्या झुडपाला पुढच्या थंडीत फुले दाट येतात. शेंगवर्गातले झाड असल्यामुळे मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्रही मिळते.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. शेंगा पिकून गळू देऊ नयेत. गुरे त्या आवडीने खातात, आणि शेणावाटे बी गावभर पसरते. पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांत हे झुडूप असेच चराऊ रानांत घुसले, आणि तेथे त्याला ‘एलिंग्टनचा शाप’ असे नाव पडले. एका देशातला सुगंध दुसऱ्या देशात शाप होतो, तो असा. पाहुण्याला ओसरी द्यावी, गावची गायराने देऊ नयेत. ज्या घरी देवबाभूळ असेल त्या घरच्यांनी शेंगा वेळेवर तोडण्याचे काम आपले मानावे.

तेव्हा माझे सांगणे थोडक्यात असे. देवबाभूळ अवश्य लावा. ती मेक्सिकोची आहे म्हणून तिचा वास कमी होत नाही, आणि चरकाने तिचे नाव घेतले नाही म्हणून तिचे सोने फिके पडत नाही. तिला तिच्याच नावाने हाक मारा आणि तिची खरी हकीकत मुलांना सांगा. सांतो डोमिंगो, रोम, मनिला ही नावे त्यांना भूगोलाच्या पुस्तकापेक्षा ह्या एका झुडपापाशी अधिक चांगली समजतील. आणि त्याच वेळी, शेताच्या बांधावर एखादा पांढुरक्या सालीचा, वाकड्या शेंगांचा जुना हिवर उभा असेल, तर त्याला कुऱ्हाड लावण्यापूर्वी एवढे आठवा की, वैद्यांच्या इरिमेदाचे झाड तो आहे आणि संगमावरच्या गावाला नाव त्याचे आहे. जमले तर येत्या पावसाळ्यात एक हिवरही लावा. कुंपणात देवबाभूळ आणि बांधावर हिवर, दोघेही आपापल्या नावाने नांदत असलेले पाहणे, हाही इतिहासाच्या अभ्यासाचाच एक भाग आहे.